कापड ओढायचं नाही

फिजिओथेरपिस्ट म्हटलं की बाहेरगावचे लोक विचारतात, "म्हणजे मालिश का?" उल्हासनगरात असं कोणी विचारत नाही. तिथे आम्हाला 'करंटवाल्या मॅडम' म्हणतात. दुखऱ्या जागी चार पट्ट्या चिकटवायच्या आणि बटण फिरवायचं, मग मुंग्या आल्यासारखं होतं आणि वीस मिनिटं बरं वाटतं. हा करंट पेशंट अगदी मापून घेतात. पापडांच्या दुकानातून निवृत्त झालेले सिंधी खूबचंददादा मानेच्या दुखण्यासाठी यायचे. शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या मशीनवरचा आकडा ते आधी वाचायचे, मग माझ्याशी भांडायचे. "साईं, उसको चौदा और मेरेको बारा? मैं क्या लावारिस हूं?" मी त्यांनाही चौदावर न्यायचे. मग लगेच "ज्यादा हो गया" म्हणून ते मला परत बारावर आणायला लावायचे.

उल्हासनगरच्या कॅम्प चार या वस्तीतल्या एका धर्मादाय दवाखान्यात मी सव्वीस वर्षं नोकरी केली आणि यंदा निवृत्त झाले. वडील अंबरनाथला कारखान्यात लेथवर टर्नर होते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. कॉलेजच्या प्रवेशाला वडील माझ्यासोबत आले तेव्हा त्यांनी माझ्या पहिलीपासूनच्या सगळ्या प्रगतिपुस्तकांचं गाठोडं बरोबर घेतलं होतं. खिडकीतल्या बाईंनी दोनच कागद मागितले. बाकीचे पाहायला कोणीच मागत नाही याचं त्यांना फार वाईट वाटलं. ती नोकरी, तो पांढरा कोट मला मिळाला तो त्यांच्यामुळे, माझ्या नगरपालिकेच्या शाळेतल्या बाईंमुळे आणि ज्या वाटेने आमच्या समाजाला शिकता आलं त्या वाटेमुळे. हे ऋण सांगून मग मुद्द्याचं लिहिते.

माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांचं दुखणं जुनं असायचं, वर्ष, दोन वर्ष, कधी दहा वर्षांचं. फोटो काढावा तर हाडं ठीक आणि रक्त तपासावं तर तेही ठीक, पण माणूस रात्रंदिवस कण्हतोय. घरचे म्हणतात नाटक करतो. नाटक नसतं. हे समजावताना मी एक लहानपणची गोष्ट सांगायचे. आम्ही कामगारांच्या चाळीत राहायचो. एकदा कारखान्याचा भोंगा अडकला. पाळी बदलायची वेळ नव्हती, म्हणजे अपघात झाला असणार, असं वाटून सगळ्या बायका फाटकाकडे धावल्या. आत काहीच झालं नव्हतं. आग नव्हती, कोणी जखमी नव्हतं, फक्त भोंगा बंद होत नव्हता. जुनाट दुखण्याचं बऱ्याचदा असंच असतं. जखम कधीच भरलेली असते, पण शरीराचा भोंगा अडकून बसतो. त्याचा आवाज खोटा नसतो. कान तर फुटतातच. पण आता धावत सुटायची गरज नसते.

पण हे सांगायचं ते दुखणं नीट तपासल्यानंतरच. आधी तपासणी, मग गोष्ट. पाठदुखीसाठी करंट मागायला आलेल्या एका गृहस्थांना ताप होता आणि वजन उतरत होतं. त्यांना मी हात न लावता त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात पाठवलं. मणक्यात जंतुसंसर्ग निघाला आणि वेळेत उपचार झाले. तीन महिन्यांनी ते पेढे घेऊन आले आणि पेढे देतादेता म्हणाले, "पण मॅडम, त्या दिवशी तुम्ही करंट दिलाच नाही."

भोंगा अडकलेल्या लोकांसाठी आम्ही दर शनिवारी दुपारी ध्यानाचा वर्ग सुरू केला. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायचं, मग हळूहळू दुखऱ्या जागेकडे, तिथे काय होतंय ते नुसतं बघायचं. त्याचं थोडं प्रशिक्षण मी घेतलं होतं. पण खरं तर आनापान, म्हणजे हेच श्वासाचं ध्यान, मला लहानपणापासून माहीत होतं. अंबरनाथच्या विहारात आईच्या शेजारी बसून मी ते शिकले होते. मांडी घालून, पाठ ताठ, समोर मूर्ती आणि वीस मिनिटं हलायचं नाही. मी दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या आणि तसंच शिकवायला लागले. माझी चूक इथेच झाली, पण ती कळायला मला सात आठवडे लागले.

मंदाताई भोईर त्या उन्हाळ्यात आल्या. बदलापूरच्या गावठाणातल्या, वय शेहेचाळीस. कॅम्पातल्या एका जीन्सच्या कारखान्यात वीस वर्षं मशीनवर होत्या आणि त्यातही सॅम्पलच्या मशीनवर. नवीन पॅटर्न आला की पहिली पँट जी बाई शिवते तिच्या हातावर सगळी ऑर्डर उभी असते. त्या मशीनला बाकीचं कोणी हात लावत नाही. चार वर्षं त्यांची कंबर दुखत होती. कारखान्याशेजारच्या दुकानातून त्या दुखण्याच्या गोळ्या घ्यायच्या, आधी एक, मग दोन, मग सकाळ-संध्याकाळ. शेवटी आमच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं तेव्हा किडनीचा आकडा वाढलेला निघाला. गोळ्या आजपासून बंद, नाहीतर पुढे डायलिसिस, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. गोळीशिवाय मंदाताईंना अर्धा तास बसवत नव्हतं. सेठने सांगून टाकलं होतं की गणपतीपर्यंत वाट बघीन, मग दिवाळीच्या ऑर्डरी सुरू होतात, तेव्हा सॅम्पलच्या मशीनवर दुसरी बाई बसेल.

"मला हेल्परचं काम द्यायला तयार हाय तो," मंदाताई म्हणाल्या. "धागे कापायचं. वीस वर्षांनी मी धागे कापू का?"

मी त्यांना शनिवारी बोलावलं. त्या बरोबर तीनला आल्या, पहिल्या रांगेत बसल्या आणि वीस मिनिटं हलल्या नाहीत. दुसऱ्या शनिवारीही नाही, तिसऱ्याही नाही. संपल्यावर मी विचारायचे, काय वाटतंय? त्या म्हणायच्या, फरक आहे. मी कार्डावर लिहायचे, सुधारणा. आमच्या पंचक्रोशीतले पेशंट डॉक्टरसमोर 'फरक आहे' हे दोन शब्द किती सहज बोलतात हे मला सव्वीस वर्षांत माहीत व्हायला हवं होतं. पण आपल्या कौतुकाची गोष्ट असली की माणूस लवकर विश्वास ठेवतो. डॉक्टर मात्र बुचकळ्यात पडले होते. गोळ्या बंद आहेत तर आकडा खाली का येत नाही? मी म्हणाले, येईल, वेळ लागतो.

सातव्या शनिवारी मी सगळ्यांसमोर मंदाताईंचं उदाहरण दिलं. बघा, गोळी न खाता किती स्थिर बसतात, तुम्ही सगळे चुळबुळ करता. तेवढ्यात मानेला पट्टा लावून बसलेल्या खूबचंददादांनी हात वर केला.

"मॅडम, वो ध्यान वाली गोली मेरेको भी लिख दो."

मी विचारलं, कसली गोळी?

"जो मंदाबाई खाती है. नीचे पानी के कूलर के पास, हर शनिवार. दो गोली, फिर ऊपर. मैं समझा आपने ही दिया है. बैठने के लिए."

मंदाताई मान खाली घालून सतरंजीचा दोरा उसवत होत्या.

सगळे गेल्यावर मी त्यांना विचारलं तेव्हा मला राग आलेला होता, हे कबूल करते. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "एरवी नाय खात मॅडम. शनिवारच्याच. मांडी घालून मला पाच मिनिटं पण नाय बसवत. मधेच उठले असते तर तुम्हाला वाईट वाटलं असतं. तुम्ही एवढं मनापासून शिकवता."

म्हणजे दुखणं सांभाळायचं ध्यान करता यावं म्हणून ही बाई दर आठवड्याला दुखण्याच्या गोळ्या खात होती. ज्या गोळ्यांपासून तिला वाचवायचं होतं, त्या तिला मीच खायला लावत होते.

दुसऱ्या दिवशी मी अंबरनाथला आईकडे गेले. आईचं वय अठ्ठ्याहत्तर. तिला सगळं सांगितलं. माझी बाजू म्हणून हेही सांगितलं की विहारात आपण असंच बसतो, मूर्तीसमोर पाय लांब कसे करायचे, खुर्चीवर कसं बसायचं.

आई भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "मी सहा वर्षं खुर्चीवर बसते. भंतेजींनीच आणून ठेवल्या चार खुर्च्या. तू बुद्धपौर्णिमेला येतेस, फोटो काढतेस आणि जातेस. तुला कसं माहीत असणार?"

मी तिच्यापुढची एक जुडी निवडायला घेतली.

"धम्म काय गुडघ्यात असतो का गं बेबी?"

मग तिने एक गोष्ट सांगितली जी तिने वडील गेल्यानंतर इतकी वर्षं सांगितली नव्हती. वडिलांचा उजवा खांदा लेथवर काम करून गेलेला होता. शिकत असताना मी त्यांना व्यायाम शिकवले होते. माझे पहिले पेशंट ते. विचारलं की म्हणायचे, छान आहे, हात वर जातो बघ. आई म्हणाली, ते व्यायाम करून त्यांना रात्री झोप यायची नाही. पण बेबीला सांगू नकोस म्हणायचे, तिचा अभ्यास बिघडेल.

या एका गोष्टीबद्दल मला अजून काही करता येत नाही. पुढचं सगळं मी केलं ते बहुतेक त्यामुळेच.

मंदाताई पुढचे दोन शनिवार आल्या नाहीत. फोन उचलत नव्हत्या. गणपतीला सहा आठवडे राहिले होते. रविवारी मी रिक्षा करून बदलापूरला त्यांच्या घरी गेले. त्या घरात जमिनीवर पडून होत्या. मला बघून उठायची धडपड करायला लागल्या, चहा ठेवते म्हणाल्या. मी म्हटलं, पडून राहा. आणि त्यांच्याशेजारी बसून सांगितलं की चूक तुमची नव्हती, माझी होती. मांडी घालायला लावायचं काहीच कारण नव्हतं. यापुढे मला बरं वाटावं म्हणून काही सांगायचं नाही. दुखतंय तर दुखतंय म्हणायचं.

त्या पुन्हा आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "मग सांगते. दुखतंय. लय दुखतंय. आणि डोळे मिटले की जास्त दुखतं. तुम्ही म्हणता नुसतं बघा. मी बघत नाय, मी त्याच्याशी कुस्ती खेळते. जा म्हणते, नाय जात."

एवढ्या वर्षांत एवढं खरं उत्तर मला क्वचितच कोणी दिलं होतं.

कोपऱ्यात घरगुती मशीन होतं, त्यावर शेजारणीचा अर्धा शिवलेला परकर. मी जमिनीवर बसलेली न आवडून मंदाताई हळूहळू उठल्या, खुर्ची माझ्याकडे सरकवली, स्वतः मशीनजवळच्या स्टुलावर टेकल्या आणि सवयीने त्यांनी परकराची घडी सुईखाली सारखी केली, चार टाके घातले. मी बघत होते. त्यांचे खांदे खाली आले. जबडा सैल झाला. श्वास लांब झाला, माझ्या सतरंजीवर सात आठवड्यांत कधी झाला नव्हता इतका. मी विचारलं, आत्ता दुखतंय का?

"दुखतंय की."

मग आत्ता कुस्ती का नाही?

त्या हसल्या. त्यांना हा प्रश्न अगदीच अडाणी वाटला असावा. नवीन पोरीला शिकवावं तसं त्यांनी मला समजावलं. "मॅडम, मशीनवर कापड ओढायचं नाय. खाली दाते असतात, कापड तेच पुढं नेतात. आपण नुसता हात ठेवायचा, वाट दाखवायची. नवीन पोरी ओढतात. ओढलं की टाका वाकडा, आणि जाड जीन्स असली की सुई मोडते. जाड शिवण आली की आणखीच सैल धरायचं."

मी म्हटलं, मंदाताई, कंबरेत जाड शिवण आली की काय करायचं?

त्यांचे हात परकरावर तसेच होते. मग त्यांनी डोळे न मिटताच, सुईकडे बघत, दोन-तीन श्वास घेतले. "ओढायचं नाय," त्या म्हणाल्या.

पुढचे सहा आठवडे आमचा वर्ग बदलला. सतरंज्या गुंडाळल्या. कोणी खुर्चीवर, कोणी भिंतीला टेकून, कोणी खाटेवर आडवं. खूबचंददादांनी गल्ल्यावर बसायची सवय आहे म्हणून टेबल मागितलं आणि त्यावर कोपरं टेकून त्यांनी इतकं छान ध्यान केलं की ते घोरायला लागले. मंदाताईंसाठी मी खालून उंच स्टूल आणलं. डोळे उघडे ठेवायची मुभा दिली. सुरुवात पाच मिनिटांपासून. श्वास आत, श्वास बाहेर, कंबरेत कळ आली की तिच्यावर हात सैल ठेवायचा, तिला ढकलायचं नाही. पाच मिनिटं झाली की उठायचं, चार पावलं चालायचं, परत बसायचं. पाचाची दहा केली, दहाची वीस, मग तीस. गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली पूर्ण सुटल्या, शनिवारच्यासुद्धा. दोन दिवस फार वाईट गेले. तेव्हा त्यांनी फोन करून मला भरपूर ऐकवलं, आणि मी खूश झाले, कारण आता त्या खरं बोलत होत्या. गणपतीच्या आधी रक्त पुन्हा तपासलं. आकडा खाली यायला लागला होता. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि मला म्हणाले, "आता पटलं."

दुखणं गेलं नव्हतं. हे स्पष्ट लिहिते, कारण हे वाचून कोणी उद्या चमत्कार शोधत येऊ नये. त्यांच्या कंबरेचा भोंगा वाजतच होता. पण आता त्या घरात स्वयंपाक करत होत्या, बाजारात जात होत्या आणि भोंग्याखाली बसून परकर शिवत होत्या.

अनंत चतुर्दशीनंतरच्या सोमवारी सेठने त्यांना परीक्षेला बोलावलं. एका दिवसात नवीन पॅटर्नची पूर्ण पँट, पाच खिसे, डबल सुईची शिवण. दुसरी बाईही त्याने बोलावून ठेवली होती. मी मंदाताईंना दवाखान्याच्या कागदावर चिठ्ठी लिहून दिली होती की दर अर्ध्या तासाने एक मिनिट उभं राहणं आवश्यक आहे. मंगळवारी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी त्या दारात उभ्या होत्या. झालेलं सगळं त्यांनी मला तिथेच, कुलूप काढतानाच सांगितलं.

सेठने चिठ्ठी वाचून परत दिली होती. कारखान्यात असल्या चिठ्ठ्या चालत नाहीत, एकीला उभं राहू दिलं तर उद्या सगळ्या राहतील. मंदाताईंनी वाद घातला नाही. चिठ्ठी ब्लाऊजमध्ये ठेवली, मशीनवर बसल्या आणि अर्ध्या तासाने उठून उभ्या राहिल्या. सेठ ओरडला. त्या एक मिनिट उभ्या राहिल्या, बसल्या, शिवायला लागल्या. पुढच्या अर्ध्या तासाने पुन्हा उठल्या. तो पुन्हा ओरडला. तिसऱ्यांदा ओरडला नाही. दुपारी मागच्या जाड शिवणीवर, जिथे सहा पदरी कापड येतं, त्यांच्या कंबरेत अशी कळ आली की डोळ्यांसमोर अंधार झाला. शेजारची बाई म्हणाली, गोळी देऊ का? त्या नको म्हणाल्या. हात सैल केला आणि ती शिवण अगदी सावकाश, टाका टाका करत पार केली.

संध्याकाळी सेठने पँट उलटी करून पाहिली. खिसे ओढून पाहिले. दुसऱ्या बाईला म्हणाला, तुझं काम उद्यापासून ओव्हरलॉकवर, कडा बांधायला. मग मंदाताईंना म्हणाला, "और तू ये खड़े होने का नाटक कब बंद करेगी?"

"मी म्हटलं, सेठ, जब पीस ख़राब होगा तब." हे सांगताना मंदाताईंनी कंबरेवर हात ठेवला होता. "दुखतंय मॅडम. आत्ता पण. पण मशीन माझंच हाय."

निवृत्तीच्या दिवशी दवाखान्यात हार, भाषण वगैरे झालं. खूबचंददादांनी पापडांचा डबा दिला आणि रडले. ते सगळं छान होतं. पण त्या आधीच्या आठवड्यात मंदाताईंनी मला कारखाना बघायला बोलावलं होतं, ते मला जास्त आठवतं. पहिल्या मजल्यावर बावीस मशिनं. निळ्या कापडाचे तुकडे, हवेत तंतू, आणि इतका आवाज की बोलणाऱ्या जवळच्या माणसाचेही नुसते ओठ हलताना दिसत होते. सेठने मला खुर्ची दिली. मंदाताईंनी मान वळवून नुसतं हसल्यासारखं केलं आणि पुन्हा शिवायला लागल्या.

मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मशीन थांबवलं आणि उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या मागची बाई उठली. तिच्या पुढचा कारागीर उठला. मशिनं एकेक करत थांबत गेली. शेवटचं थांबलं तेव्हा खालच्या गल्लीतून चाललेल्या हातगाडीचं चाक ऐकू आलं. बावीस माणसं आपापल्या मशीनपाशी उभी होती. कोणी मान फिरवत होतं, कोणी कंबरेवर हात ठेवून नुसता श्वास घेत होतं. तरुण मुलं हसत होती, पण तीही उभी होती. मी सेठकडे पाहिलं. तो टेबलाच्या मागे उभा होता, बिल वाचल्यासारखं करत. एक हात त्याने पाठीमागे, स्वतःच्या कंबरेवर दाबून धरला होता.

मिनिट संपलं. मंदाताई बसल्या, कापडावर दोन्ही हात अलगद ठेवले, आणि पहिलं मशीन त्यांचं सुरू झालं.